नॅनोट्यूबच्या भिंतीला इथेन-इथिलीनमधला फरक कळत नाही

इथिलीन उणे 104 अंश सेल्सिअसला उकळतं, इथेन उणे 89 ला. प्रोपिलीन उणे 48 ला, प्रोपेन उणे 42 ला. एका जोडीत पंधरा अंशांचं अंतर, दुसरीत जेमतेम सहा. पाण्याचे पाइप, पिशव्या, दोऱ्या, बादल्या, सलाइनच्या बाटल्या, मोटारीचे बंपर या सगळ्यांचा कच्चा माल एवढ्याशा फरकाच्या आधारे वेगळा करावा लागतो. आज हे काम ऊर्ध्वपातनाचे टॉवर करतात. इथिलीन-इथेनच्या टॉवरमध्ये शंभर-सव्वाशे ट्रे असतात, दाब 20 बारच्या आसपास असतो आणि माथ्याचं तापमान उणे 30 अंशांच्या घरात ठेवावं लागतं. त्यासाठी प्रोपिलीनवर चालणारी शीतयंत्रणा शेजारी कायम धडधडत असते. प्रोपिलीन-प्रोपेनला तेवढी थंडी लागत नाही, पण त्या दोघांच्या बाष्पशीलतेचं गुणोत्तर 1.1 ते 1.2 एवढंच असल्यामुळे ट्रे दीडशे-दोनशेच्या वर जातात, टॉवर कधी कधी दोन तुकड्यांत उभारावा लागतो, आणि माथ्यावरून एक टन माल बाहेर काढायचा तर दहा-पंधरा टन द्रव परत खाली सोडावा लागतो. तो प्रत्येक टन पुन्हा उकळायचा आणि पुन्हा थंड करायचा.

डेव्हिड शोल आणि रायन लाइव्हली यांनी 2016 साली ‘नेचर’मध्ये जगाची ऊर्जा खाणाऱ्या सात विलगीकरणांचा आढावा घेतला. इथिलीन आणि प्रोपिलीन शुद्ध करण्यावर जगातल्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे 0.3 टक्के ऊर्जा जाते, असा त्यांचा अंदाज आहे. हिशेबाने पाहिलं तर इथेन-इथिलीनचं निम्मं-निम्मं मिश्रण खोलीच्या तापमानाला वेगळं करायला निसर्गनियमानुसार मोलमागे अवघे 1.7 किलोज्यूल पुरायला हवेत. प्रत्यक्षात आपण त्याच्या कितीतरी पट खर्च करतो. तेव्हा टॉवरला पर्याय शोधणं हे सार्वजनिक पैशाचं काम आहे, याबद्दल वाद असू नये. वाद आहे तो पैसा कुठे लावायचा याचा.

भारतात हा प्रश्न आता हवेतला राहिलेला नाही. 2007 मध्ये केंद्राने नॅनो मिशन सुरू केलं तेव्हा पाच वर्षांसाठी 1000 कोटी रुपये ठेवले होते. 2023 च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. 2025 च्या जुलैत मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी 1 लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वायू वेगळे करणाऱ्या नव्या पदार्थांचे प्रस्ताव या सगळ्या दारांवर जातात आणि त्यांत कार्बन नॅनोट्यूबचं, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं, नाव वारंवार येतं. माझं म्हणणं असं आहे: इथेनमधून इथिलीन किंवा प्रोपेनमधून प्रोपिलीन काढण्यासाठी नुसत्या नॅनोट्यूबने भरलेल्या अधिशोषण-टाकीवर (जिच्यातला पदार्थ वायूचे रेणू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो) यापुढे सार्वजनिक पैसा लावू नये. आणि अधिशोषक कुठलाही असो, एकेका वायूचे सुंदर आलेख पाहून निधी देण्याची सवय सोडावी. मिश्रण, गोळ्या, घाण आणि हजारो चक्रं यांतून तो पदार्थ कसा पार पडतो, हे आधी विचारावं.

नॅनोट्यूबबद्दलची आशा अगदीच निराधार नव्हती. सुमिओ इजिमा यांनी 1991 मध्ये बहुभिंती नळ्यांचं वर्णन केलं, 1993 मध्ये एकभिंती नळ्या आल्या, आणि अधिशोषणाचा अभ्यास करणाऱ्यांना एक दुर्मीळ गोष्ट मिळाली: छिद्राचा आकार नेमका माहीत असलेला कार्बन. सक्रिय कोळशात छिद्रं वेडीवाकडी असतात, त्यांची फक्त सरासरी सांगता येते. नळीत तसं नाही. एकभिंती नळ्या जुड्यांनी बांधल्यासारख्या वाढतात, त्यामुळे वायूला बसायला चार जागा मिळतात: नळीच्या आत, तीन नळ्यांच्या मधल्या बारीक पोकळीत, जुडीच्या बाहेरच्या दोन नळ्यांमधल्या खाचेत, आणि उघड्या पाठीवर. आतल्या जागेत रेणूला चारी बाजूंनी भिंत मिळते, म्हणून अरुंद नळीतली पकड सपाट ग्राफाइटच्या जवळपास दुपटीपर्यंत जाऊ शकते. त्यात भिंत इतकी गुळगुळीत की रेणू तिच्यावरून भराभर सरकतात. 2006 साली लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने 2 नॅनोमीटरहून बारीक नळ्यांच्या पडद्यातून वायू अपेक्षेपेक्षा दहा ते शंभर पट वेगाने जातात हे दाखवलं. पकड घट्ट, वेग जास्त, छिद्र नेमकं. कागदावर याहून चांगला अधिशोषक सापडणं कठीण.

पण वायू वेगळे करायचे तर पकड घट्ट असून भागत नाही. एकाची पकड दुसऱ्यापेक्षा बरीच घट्ट असावी लागते. इथेच सगळं अडतं. कार्बनची शुद्ध भिंत रेणूला धरते ती फक्त विकीर्णन बलाने, आणि रेणूंमधलं हे क्षीण आकर्षण रेणूच्या ध्रुवीकरणक्षमतेवर, म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉन-ढग किती सहज हलतो यावर, चालतं. इथेनची ध्रुवीकरणक्षमता सुमारे 4.4 घन अँगस्ट्रॉम, इथिलीनची सुमारे 4.25. फरक चार-पाच टक्क्यांचा. प्रोपेन आणि प्रोपिलीनमध्ये तर एक-दोन टक्केही धड नाही. इथिलीनचं खरं वैशिष्ट्य म्हणजे त्याचा दुहेरी बंध, आणि तो धरायला या भिंतीत काहीच नाही: उघडा धातू नाही, विद्युतभार नाही. परिणाम असा की नॅनोट्यूब इथेनला किंचित जास्त धरते आणि इथिलीनला किंचित कमी. संगणकावरची मॉन्टे कार्लो गणितं (रेणूंच्या यादृच्छिक हालचालींवरून अंदाज काढणारी) हेच सांगत आली आहेत. निवडक्षमता, म्हणजे एक वायू दुसऱ्याच्या किती पट जास्त धरला जातो तो आकडा, साधारण 1 ते 2 च्या दरम्यान, अगदी अरुंद नळीत आणि कमी दाबाला त्याहून थोडी वर. तापमान उतरवलं की ती सुधारते, पण मग ज्या थंडीपासून सुटका हवी होती तीच परत आली. दाब वाढवला की ती घसरते, कारण नळी भरत आली की दाटीवाटीत लहान रेणूचं फावतं आणि लहान रेणू इथिलीन आहे. कारखान्यातला प्रवाह मात्र उच्च दाबाचा असतो. गणिताने चांगला आकडा दाखवला तो थंडीत आणि विरळ दाबाला. गरज आहे ती उबेत आणि 20 बारला.

निवडक्षमता 2 म्हणजे व्यवहारात काय, हे बघण्यासारखं आहे, कारण प्रस्तावांत हा आकडा फार सहज लिहिला जातो. अधिशोषक इथेनला प्राधान्य देतो असं समजा. मिश्रण टाकीतून जातं, सगळं इथेन अडकतं, शुद्ध इथिलीन पुढे निघतं. ऐकायला छान आहे. पण समतोलाचा नियम असा की निवडक्षमता S असेल तर सगळं इथेन पकडताना आलेल्या इथिलीनपैकी किमान 1/S हिस्सा त्याच्याबरोबर टाकीत जाऊन बसतो. आवकेत इथेन 10 टक्के असो वा 40, हा हिस्सा बदलत नाही. S दोन असेल तर निम्मं इथिलीन, दीड असेल तर दोन तृतीयांश, दहा असेल तर दहावा हिस्सा. टाकी मोकळी करताना ते इथिलीन कमी दाबाला इथेनच्या सोबत बाहेर येतं. ते इथेन फोडून इथिलीन बनवणाऱ्या भट्टीकडे परत पाठवता येत नाही, कारण तयार इथिलीन पुन्हा फोडायला घालणं हा तोटा आहेच, शिवाय भट्टीच्या नळ्यांत कोक वाढतो. मग ते पुन्हा दाबून टॉवरकडेच न्यावं लागतं. म्हणजे टॉवर राहिला, त्यात टाक्या आणि कंप्रेसर वाढले.

आकार काढून पाहू. वर्षाला 4 लाख टन इथिलीन बनवणारा क्रॅकर, म्हणजे अशा भट्ट्यांचा कारखाना, घ्या. रायगडमधल्या नागोठण्याचा साधारण याच घरातला. 8000 तास चालतो असं धरलं तर तासाला 50 टन, म्हणजे सुमारे 1790 किलोमोल इथिलीन. इथेनवर चालणाऱ्या भट्टीत एका फेरीत 60 टक्के इथेन फुटतं असं मानलं तर सोबत सुमारे 1190 किलोमोल न फुटलेलं इथेन येतं. S दोन असताना इथेनबरोबर 890 किलोमोल इथिलीनही टाकीत बसणार. एकूण तासाला 2080 किलोमोल. टाकी 10 मिनिटांनी बदलायची आणि अधिशोषकाची चक्रागणिक खरी उचल किलोमागे 2 मोल, असा बऱ्यापैकी उदार आकडा घेतला तरी एका टाकीत 170 टनांहून जास्त माल लागतो. सक्रिय कोळशाच्या गोळ्या घनसेंटिमीटरमागे 0.45 ग्रॅम भरतात, म्हणजे सुमारे 385 घनमीटर. नॅनोट्यूबची सुटी पूड असते कापसासारखी, 0.1 ग्रॅम किंवा त्याहूनही हलकी. म्हणजे 1700 घनमीटर, आणि अशा टाक्या तीन-चार. किमतीचं गणित आणखी बिकट आहे. सक्रिय कोळसा किलोला शंभर-दोनशे रुपयांच्या घरात मिळतो. बहुभिंती नळ्यांचे भाव हजारांत जातात आणि चांगल्या एकभिंती नळ्या त्याच्याही कितीतरी वर. मुख्य म्हणजे करवंटीच्या कोळशाचीही इथेन-इथिलीन निवडक्षमता दीडच्या आसपास आहे. शंभरपट पैसे मोजून हाती लागतं ते साधारण तेवढंच.

यावर हमखास येणारं उत्तर असं की नळीचं तोंड इतकं अरुंद घेऊ की इथिलीन आत जाईल आणि इथेन बाहेर राहील. पकडीचा प्रश्नच नको, चाळणीच करू. कल्पना रास्त आहे, म्हणून तिचे आकडे नीट पाहायला हवेत. या दोन रेणूंच्या जाडीतला फरक नेहमीच्या आकड्यांनुसार पाव अँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणजे 0.025 नॅनोमीटर. नळीच्या व्यासातून कार्बन अणूची जाडी, सुमारे 0.34 नॅनोमीटर, वजा केली की आतली मोकळी जागा मिळते. (6,5) जातीच्या नळीचा (हे दोन क्रमांक कार्बनची जाळी कशी गुंडाळली आहे ते सांगतात) व्यास साधारण 0.75, मोकळी जागा 0.41. क्रमांकाने तिच्या शेजारची (6,6): व्यास 0.81, मोकळी जागा 0.47. म्हणजे एक क्रमांक एकाने बदलला तरी 0.06 नॅनोमीटरचं अंतर, आपल्याला हव्या त्या फरकाच्या दुपटीहून जास्त. आणि बाजारात मिळणाऱ्या मालात एक जात नसतेच. कार्बन मोनॉक्साइडपासून उच्च दाबाखाली बनवलेल्या नळ्यांचा सरासरी व्यास 1 नॅनोमीटर, आणि पसारा दोन्ही बाजूंना काही दशांश नॅनोमीटरचा. एकाच जातीच्या नळ्या निवडून घेता येतात, पण ते काम साबणासारख्या द्रावणात, अपकेंद्री यंत्रात, मिलिग्रॅमच्या हिशेबात होतं. 170 टनांच्या नाही.

कार्बनची चाळणी मुळात होतच नाही, असं मात्र कुणी समजू नये. हवेतून नायट्रोजन काढणारी जी यंत्रं आज औषध कंपन्यांत, अन्न पॅक करणाऱ्या कारखान्यांत बसलेली दिसतात, त्यातल्या टाक्यांमध्ये कार्बनच असतो. ऑक्सिजनची जाडी 3.46 अँगस्ट्रॉम, नायट्रोजनची 3.64, फरक 0.18, इथेन-इथिलीनहूनही कमी. ऑक्सिजन भरभर आत शिरतो, नायट्रोजन बाहेर रेंगाळतो आणि मिनिटभराच्या चक्रात वेगळा होतो. ते साधतं कारण तिथे छिद्राचं तोंड मुद्दाम अरुंद केलेलं असतं: कोळशावर हायड्रोकार्बनची वाफ तापवून फोडतात, सुटलेला कार्बन तोंडाशी साचतो आणि खिंड हवी तेवढी होते. पॉलिइमाइडसारखा पॉलिमर हवेविना भाजून केलेले कार्बनचे पडदे प्रोपिलीन-प्रोपेनवर जे चांगले निकाल देतात, त्यांच्यातही हेच आहे: मोठ्या पोकळ्या आणि त्यांच्यामध्ये अर्ध्या नॅनोमीटरहून अरुंद, खडबडीत खिंडी. निवड करते ती खिंड. नॅनोट्यूबला अशी खिंड नसते. टोकापासून टोकापर्यंत एकच व्यास आणि गुळगुळीत भिंत. वेगासाठी जो गुण तोच निवडीसाठी दोष ठरतो.

दुसरा आक्षेप: नळीवर चांदी किंवा तांबं बसवू, ते इथिलीनच्या दुहेरी बंधाला धरेल. धरतं, हे खरं आहे. पण मग निवड धातू करतो, नळी नुसती पाट होऊन बसते, आणि तेवढं काम ॲल्युमिना किंवा झिओलाइटही करतात, अत्यंत स्वस्तात. शिवाय क्रॅकरच्या वायूत ॲसिटिलीन असतं, हायड्रोजन सल्फाइडचे अंश असतात. सल्फाइड चांदीला कायमचं निकामी करतं. ॲसिटिलीन चांदी आणि तांब्याशी जी संयुगं बनवतं ती कोरडी झाली की स्फोटक असतात. प्रस्तावात चांदीचा उल्लेख असेल आणि ॲसिटिलीनचा नसेल, तर परीक्षकाने तिथेच थांबून विचारायला हवं.

आता प्रयोगशाळेतली बाजू, कारण खरा घोळ तिथून सुरू होतो. अशा अभ्यासाचा ठरलेला क्रम असा असतो. काही मिलिग्रॅम नळ्या निर्वातात तापवायच्या, 25 अंशांवर इथेनचा समतापी आलेख (एकाच तापमानाला दाबागणिक किती वायू धरला जातो तो) घ्यायचा, मग इथिलीनचा, दोन्हीला समीकरणं बसवायची आणि आदर्श द्रावणाच्या सिद्धान्ताने मिश्रणाची निवडक्षमता काढायची. मिश्रण स्वतः नमुन्याजवळ कधी येतच नाही. निवडक्षमता 50 असेल तर हे चालून जातं. ती 1.5 असेल तर दोन्ही आलेखांतल्या प्रत्येकी 3 टक्के चुकीने तिचे 1.4 किंवा 1.6 होतात, आणि हेलियमने मोकळं आकारमान मोजताना एवढी चूक सहज होते. शिवाय तो सिद्धान्त असं गृहीत धरतो की दोन्ही रेणूंना सारखीच जागा मोकळी आहे आणि ते एकमेकांना ओलांडून जाऊ शकतात. अर्ध्या नॅनोमीटरच्या नळीत रेणू एकामागे एक रांगेत असतात, कुणी कुणाला ओलांडत नाही. ज्या नळीसाठी आकडा सर्वांत आकर्षक निघतो, नेमका तिथेच तो काढण्याचा आधार सर्वांत डळमळीत असतो.

नमुना तयार करतानाच्या गोष्टी तर बहुतेक वेळा दोन ओळींत उरकलेल्या असतात. बनून आलेल्या एकभिंती नळ्यांची तोंडं बंद असतात. आतली जागा वायूला मिळतच नाही. तोंडं उघडायला नायट्रिक आम्लात उकळतात किंवा ओझोन देतात. तोंड उघडतं, पण त्याच्या कडेवर कार्बोक्सिल गट बसतात आणि तेच दार अडवतात. ते घालवायला निर्वातात 800 अंशांपर्यंत तापवावं लागतं. तेव्हा ते कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड होऊन निघून जातात. हे न करता मोजलेला नमुना आणि करून मोजलेला नमुना यांचे आकडे जुळत नाहीत, म्हणूनच एकाच नावाच्या मालाचं पृष्ठफळ कुणी ग्रॅममागे 400 चौरस मीटर देतं, कुणी 1000. त्यात उत्प्रेरकाचं लोखंड. कच्च्या मालात ते वजनाच्या चौथा-तिसरा हिस्साही असू शकतं, आणि शुद्ध केल्यावरही काही टक्के उरतं. वजनात ते मोजलं जातं, अधिशोषणात नाही. टाकी गरम करून मोकळी करायची असेल तर हेच लोखंड आणि उरलेले आम्लगट इथिलीनच्या रेणूंची हळूहळू साखळी जोडतात आणि छिद्रांत चिकट थर बसतो. पहिल्या पाच चक्रांत तो दिसत नाही.

मग गोळी. कापसासारखी पूड टाकीत भरली तर वायूच्या झोताने उडते किंवा दबून बसते, आणि दाब पडत जातो. म्हणून बंधक घालून गोळ्या कराव्या लागतात. बंधक 10-20 टक्के वजन घेतो आणि त्याहून जास्त तोंडं बुजवतो. नळीच्या आतला तो प्रसिद्ध वेग इथे निरुपयोगी ठरतो, कारण आता वेळ जातो तो गोळीच्या मोठ्या छिद्रांतून आत पोचण्यात. तेव्हा पुडीवर मोजलेला आकडा टाकीच्या हिशेबात घालणं हे मुळातच चुकीचं आहे, आणि निधी देणाऱ्यांनी ते चालवून घेऊ नये.

धुळीचा मुद्दा थोडक्यात सांगतो, पण तो थोडक्यातला नाही. 2008 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात लांब, ताठ बहुभिंती नळ्यांनी पोटाच्या अस्तरावर ॲस्बेस्टॉससारखा दाह निर्माण केला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2014 मध्ये अशा एका विशिष्ट प्रकाराला ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकलं. बाकीच्या प्रकारांबद्दल पुरावा अपुरा मानला. अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे की आठ तासांच्या पाळीत हवेत घनमीटरला 1 मायक्रोग्रॅमहून जास्त असू नये. दीडशे टन माल टाकीत ओतणारा आणि चार-पाच वर्षांनी तो उपसणारा माणूस कंत्राटी कामगार असणार, हे आपल्याकडे सांगायला नको. पर्याय उपलब्ध नसता तर हा धोका आवरून काम करण्याच्या वाटा शोधाव्या लागल्या असत्या. इथे फायदाच नाही, तर धोका कशासाठी?

मूलभूत संशोधनाला असे व्यापारी प्रश्न विचारू नयेत, असं काही मित्र म्हणतील. त्यांच्याशी माझं भांडण नाही. नळ्यांच्या खाचेत वायू एका ओळीत कसा साचतो, एकमितीय पदार्थ थंडीत कसा वागतो, हे स्वतंत्र आणि सुंदर प्रश्न आहेत. त्यांना त्यांच्या नावाने निधी मिळावा. सरळ आणि फांदीदार ब्युटेनसारख्या जोड्यांत, जिथे फरक रेणूच्या घडणीचा असतो आणि अरुंद नळीतल्या मांडणीने तो उठून दिसू शकतो, तिथे नॅनोट्यूबचं गणित अजून करण्यासारखं आहे. थोडक्या मालात काम भागतं अशा पडद्यांत आणि वायू-संवेदकांत तिला जागा आहे. आणि इथेन-इथिलीनवरची मॉन्टे कार्लो गणितंही वाया गेलेली नाहीत. त्यांनी स्पष्ट उत्तर दिलं आहे की फरक फार लहान आहे. ते उत्तर मान्य करायचं सोडून दर वर्षी व्यास आणि तापमान बदलून तोच प्रश्न नव्याने विचारत राहायचं, आणि प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात मात्र ‘पेट्रोरसायन उद्योगाची ऊर्जा वाचेल’ असं लिहायचं, याला माझा विरोध आहे.

शेजारच्या क्षेत्रात काय घडलं ते पाहावं. धातू-सेंद्रिय जाळ्यांना (धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून केलेल्या सच्छिद्र स्फटिकांना) 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि इथेन-इथिलीनवर त्यांनी खरंच मजल मारली आहे. लोह-पेरॉक्सो जागा असलेल्या एका जाळीने 2018 मध्ये 25 अंशांवर, निम्म्या-निम्म्या मिश्रणात इथेनच्या बाजूने 4.4 ची निवडक्षमता दाखवली आणि एका फेरीत 99.99 टक्के शुद्ध इथिलीन दिलं. तरीही वरच्या नियमाने आलेल्या इथिलीनचा चौथा हिस्सा टाकीत अडकतोच, आणि तो पदार्थ हवेपासून जपावा लागतो. उलट ज्या जाळीने टनावारी उत्पादनापर्यंत मजल मारली, ती कॅनडात विकसित झालेली, कार्बन डायऑक्साइड धरणारी कॅल्फ-20. तिची धारणक्षमता विक्रमी नाही. ती जस्त, ट्रायाझोल आणि ऑक्झॅलिक आम्लापासून बनते, वाफेने आणि आम्लधर्मी वायूंनी बिघडत नाही, आणि बीएएसएफने ती मोठ्या प्रमाणावर तयार करून दाखवली. तिची निवड टिकाऊपणा पाहून झाली, आलेखाच्या उंचीवरून नाही.

म्हणून विलगीकरणाच्या नावाने निधी मागणाऱ्याकडून पहिल्याच वर्षी एक साधा प्रयोग मागावा. अर्ध्या इंची स्टीलच्या नळीत 5 ते 10 ग्रॅम गोळ्या भरायच्या (पूड नाही, गोळ्या), दोन्ही टोकांना काचलोकर, मधोमध थर्मोकपल (तापमान मोजणारी तार). रात्रभर हेलियमच्या प्रवाहात तापवायचं, 25 किंवा 40 अंशांवर आणायचं आणि ज्या कारखान्यासाठी दावा आहे त्याच्या प्रमाणात मिश्रण सोडायचं. इथेन धरणारा पदार्थ असेल तर बाहेर आधी इथिलीन येतं, मग ते काही वेळ आवकेपेक्षाही जास्त येतं, कारण मागून येणारं इथेन आधी बसलेल्या इथिलीनला ढकलून काढतं, आणि शेवटी इथेन दिसू लागतं. हा उंचवटा अगदीच बुटका असेल तर निवडक्षमता किती तोकडी आहे ते आलेख पाहूनच कळतं. रिकाम्या नळीवर तोच प्रयोग करून वेळ वजा केला का, बाहेरचा प्रवाह प्रत्यक्ष मोजला की आवकेइतकाच धरला, थर्मोकपलने किती अंश वाढ दाखवली, हे तीन प्रश्न विचारले की निम्मे फुगलेले आकडे खाली बसतात. त्यानंतर आवकेत काही शे पीपीएम पाण्याची वाफ, थोडं ॲसिटिलीन आणि हायड्रोजन सल्फाइड मिसळून किमान हजार चक्रं. पाचशेव्या आणि हजाराव्या चक्रातली उचल पहिलीशी ताडून छापायची. पॉलिमर बनवायला लागणारं इथिलीन 99.9 टक्क्यांच्या वर शुद्ध असतं. मागच्या चक्राचं थोडं इथेन टाकीत उरलं तरी ही पातळी हुकते, म्हणून शुद्धता आणि त्या शुद्धतेला हाती आलेला माल, दोन्ही आकडे एकत्र सांगायला हवेत. एकटी शुद्धता सांगणं निरर्थक आहे.

या प्रयोगाला क्रोमॅटोग्राफ, तीन-चार प्रवाह-नियंत्रक आणि एक चिकाटीचा विद्यार्थी लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत किंवा माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत हे उपकरण उभं करणं काही अवघड नाही. अशी एक-दोन चाचणी-केंद्रं सार्वजनिक पैशाने उभारावीत, देशातल्या कुठल्याही गटाने आपल्या गोळ्या तिथे पाठवाव्यात, आणि निकाल, बरा असो वा वाईट, खुला ठेवावा. नॅनो-पदार्थ बनवणाऱ्या आणखी दहा प्रकल्पांपेक्षा याचा उपयोग जास्त होईल, असं मला ठामपणे वाटतं.

आणि वायू खराखुरा हवा असेल तर तो रायगड जिल्ह्यात आहे. नागोठण्याला इथेन फुटतं. अलिबागजवळ उसर इथे गेलने हाती घेतलेला प्रकल्प प्रोपेनमधून हायड्रोजन काढून वर्षाला 5 लाख टनांच्या घरात प्रोपिलीन आणि त्याचं पॉलिप्रोपिलीन बनवण्यासाठी आहे. या प्रक्रियेत एका फेरीत निम्म्याच्या आसपासच प्रोपेन बदलतं, म्हणजे प्रोपेन-प्रोपिलीनचा टॉवर सर्वांत जास्त राबतो तो अशाच ठिकाणी. 2023 मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजनेत पेट्रोरसायन क्षेत्र येतं, त्यामुळे वाचलेल्या वाफेला किंमतही मिळू शकते. तिथे टॉवर पाडायची गरज नाही. टॉवरच्या मधल्या ट्रेवरून थोडा प्रवाह बाजूला काढायचा, कार्बनच्या पडद्यातून किंवा अरुंद तोंडाच्या कार्बन चाळणीतून फिरवायचा, प्रोपिलीनने श्रीमंत झालेला भाग वरच्या ट्रेवर आणि उरलेला खालच्या ट्रेवर परत सोडायचा. माथ्यावरून परत सोडावा लागणारा द्रव जेवढा घटेल तेवढी तळाची वाफ वाचते, आणि ती तासाला किती टन वाचली हे कंट्रोल रूममधल्या मीटरवर वाचता येतं. सुरुवातीला दिवसाला एक टन प्रवाह पुरे. चाळणी बिघडली तर झडप बंद करायची, टॉवर आपलं काम करतच राहतो.